‘टा’चा ‘का’

‘वाचन-लेखनाचे महत्त्व’ या विषयावर शाळेत बोलायला या, असं बोलावणं आलं तेव्हा मी आढेवेढे न घेता हो म्हटलं. ठरलेले पाहुणे ऐनवेळी आजारी पडले होते हे मला नंतर कळलं. पण स्टेपनीवरसुद्धा गाडी चालतेच. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. तेव्हापासून या एका दिवसापुरती माझ्यासारख्यांना मागणी येते, अनंत चतुर्दशीला ढोलवाल्यांना येते तशी. बाकी वर्षभर आम्ही घरात आणि पुस्तकं कपाटात.

तयारी म्हणून कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. चोविसाव्या पानावर खूण होती. तिथपर्यंत मी पोचलो होतो म्हणायचा. मग आतली चिठ्ठी दिसली. पुस्तक लायब्ररीचं होतं आणि परत करायची तारीख होती १२ जून २०१६. वाचनाच्या गोडीचा पुरावा म्हणून हे व्यासपीठावर दाखवता येणार नाही, एवढं मला कळलं. पुस्तक होतं तिथे ठेवलं.

भाषणाआधी सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा होता. आमच्या खजिनदारांना पैसे कागदावर दिसल्याशिवाय आल्यासारखे वाटत नाहीत, म्हणून चेक. रक्कम ७,८८९. आकडा लिहायला दोन सेकंद लागले. मग आलं ‘अक्षरी रुपये’. ‘सात हजार आठशे’ झोकात उतरलं आणि पेन थांबलं. मराठीत सत्तरीच्या पुढचा मुलूख तसा डोंगराळच. सत्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी इथवर धापा टाकत चढायचं आणि मग एकदम ‘एकोण’चा कडा. पुढच्या गावाचं नाव घ्यायचं आणि एक पाऊल अलीकडे उभं राहायचं. मी राहिलो, पण चुकीच्या गावाच्या वेशीवर. ‘एकोणऐंशी’ लिहिलं, खाली लफ्फेदार सही ठोकली आणि बँकेत गेलो.

“काका, आकड्यात एकोणनव्वद आहे आणि अक्षरात एकोणऐंशी,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “नक्की किती?”

रांगेतल्या चार जणांनीही उत्तरासाठी माना पुढे काढल्या. मी खोडून वर लिहायला लागलो.

“खाडाखोड चालत नाही. दुसरा चेक आणा. आणि सही आमच्याकडे आहे तशी करा.”

त्यांच्याकडची सही मी आठवड्याला एक तरी पत्र लिहायचो त्या काळातली. तिच्यात आडनावासकट सगळी अक्षरं वाचता येतात. हल्लीची सही म्हणजे ईसीजी.

घरी येऊन, भांडायला उपयोगी पडेल म्हणून, मी कायदा शोधला. चेकसंबंधीचा १८८१ चा कायदा म्हणतो की आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर अक्षरातली रक्कम खरी धरावी. (बँका तरीही चेक परत करतात, तो भाग वेगळा.) म्हणजे इंग्रजांच्या काळापासून कायद्याचा भरवसा अक्षरावर, आणि माझ्या अक्षराने सोसायटीला दहा रुपयांना बुडवलेलं. भांडण मनातच मिटवलं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला ‘वीस एक’ असंही वाचायला सुचवलं, तेव्हा चिडलेल्यांत मी सर्वांत पुढे होतो. दोन दिवस ग्रुपवर मराठीच्या अंत्ययात्रेची निमंत्रणं वाटत होतो. त्या चेकवर नुसतं ‘ऐंशी नऊ’ लिहून सुटलो असतो, हा विचार मी बायकोलासुद्धा सांगितलेला नाही. इथे लिहितोय, कारण ती माझे लेख वाचत नाही.

हात लिहायचा विसरला याला कारण फोन. हल्ली मी बोलतो आणि तो लिहितो. सोसायटीच्या सूचनांचं काम ‘तुम्ही लिहिता ना’ म्हणून माझ्याच गळ्यात आहे. भाषणाच्या आदल्या संध्याकाळी मी फोनला सांगितलं, “उद्या सकाळी दहा वाजता टाकी धुणार आहोत. सर्वांनी पाणी भरून ठेवावे.” आणि न वाचता पाठवून दिलं.

ग्रुपवर गेलं ते असं : ‘उद्या सकाळी दहा वाजता काकी धुणार आहोत.’

पहिल्या मजल्यावरून विचारणा आली, “कोणाच्या?” दुसऱ्यावरून, “आमच्याही आणल्या तर चालतील का?” एकाने नुसता साबण पाठवला. आनंदीबाईंनी १७७३ मध्ये ‘ध’चा ‘मा’ केला अशी कथा आहे. पण त्यांना निदान बोरू तरी हातात घ्यावा लागला असेल. माझ्याकडे ‘टा’चा ‘का’ बिनबोरूचा झाला, आणि खाली नाव माझं. तिसऱ्या मजल्यावर खऱ्याखुऱ्या काकी राहतात. त्यांनी काहीच लिहिलं नाही. सकाळी शाळेत जाताना जिन्यात भेटल्या, तेव्हा काही बोलल्याही नाहीत.

“अहो, भाषण तरी आधी एकदा वाचून बघा,” बायको दारातून म्हणाली. वाचायला ते लिहिलेलं असायला हवं, हे तिला जिन्यातून ओरडून सांगणं बरं दिसलं नसतं.

शाळेत फळा सजवला होता. कडेने वेलबुट्टी, मधे रंगीत खडूंनी, वळणदार अक्षरात : ‘वाचाल तर वाचाळ’. बाईंचं लक्ष गेलं तेव्हा मी दारात पोचलो होतो. त्या डस्टर घेऊन धावल्या.

“राहू द्या हो,” मी म्हटलं, “पोराने काही विचार करूनच लिहिलं असेल.”

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे १० मिनिटं होती. मी ५५ बोललो. अक्षरी मिनिटे पंचावन्न फक्त.