छातीवर अजून जागा आहे

अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांची एक कैफियत जुनी आहे: शीतयुद्ध आम्ही जिंकलं, मग पदक कुठे? कैफियत रास्तच म्हणायची. तिथलं ‘नॅशनल डिफेन्स सर्व्हिस मेडल’ मिळवायला शौर्य लागत नाही, तारीख लागते. सरकारने आखलेल्या मुदतीत गणवेश अंगावर असला की झालं. १९७४च्या ऑगस्टात ही खिडकी बंद झाली, ती उघडली थेट १९९०च्या ऑगस्टात, सद्दाम कुवेतमध्ये शिरला तेव्हा. मधली वर्षं जर्मनीत रशियन रणगाड्यांची वाट पाहणाऱ्याने काय करावं? रणगाडे आले नाहीत, हा त्याचा गुन्हा? उलट ते न येणं हेच तर त्याचं काम होतं.

प्राथमिक प्रशिक्षण पुरं केल्याबद्दलही लष्कर १९८१पासून एक रिबन देतं. शीतयुद्धासाठी मात्र सरकारने प्रमाणपत्र काढलं. २ सप्टेंबर १९४५ ते २६ डिसेंबर १९९१ या काळात नोकरीत असलेल्या कुणालाही, अगदी सरकारी कारकुनालाही, अर्ज केला की ते मिळतं. पण कागद कोटावर कसा टाचणार? पदकाची विधेयकं काँग्रेसमध्ये येतात आणि तिथेच सेवानिवृत्त होतात.

आमची नम्र सूचना: पदकासाठी केलेल्या अर्जांबद्दलच एक पदक काढावं. चिकाटी, शिस्त आणि खात्याच्या मौनापुढे माघार न घेणं, हे सारे सैनिकी गुण त्यात पुरेपूर दिसतात. शिवाय हे युद्ध अजून चालू आहे, त्यामुळे तारखेचीही अडचण नाही.