फेसाचा हिशेब

आमचे मेव्हणे वजनमाप खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. खातं मात्र त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. पुण्यातल्या बारमध्येही ते ग्लास तिरका धरून बिअर काचेवरून हलकेच सोडतात. फेस म्हणजे मापात मारलेली हवा, हे त्यांचं ठाम मत. अशा माणसाबरोबर युरोपातल्या लागर चाखत फिरणं म्हणजे तपासणी पथकात भरती होणं.

माद्रिदला ‘कान्या’ मागवली. जेमतेम २०० मिलिलिटरचा पेला आला.

“हे सँपल झालं. बिअर कुठाय?”

उन्हात कोमट व्हायच्या आत संपावी म्हणून इथले लोक थोडी थोडी, पण पुन्हा पुन्हा मागवतात, हे मी समजावून सांगेपर्यंत त्यांची संपलीही होती.

ॲमस्टरडॅमला बारवाल्यानं भरल्या ग्लासावरून सपकन पातं फिरवलं आणि वर आलेला फेस कापून टाकला. मेव्हणे ताडकन उठले. “भावोजी, आपल्या डोळ्यांदेखत मुद्देमाल नष्ट केला!”

म्युनिकला त्यांचा जीव भांड्यात पडला. लिटरभराच्या मगावर कायद्यानं मारलेली रेघ. बिअर रेघेपर्यंत, फेसानं आपलं बिऱ्हाड त्याच्या वर थाटायचं. शिवाय बव्हेरियाचा १५१६ चा कायदा: बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी, बस्स. यीस्टचं त्यात नावच नाही.

“म्हणजे मुख्य आरोपीच सुटला की!”

तो कोपनहेगनला सापडला. पुढे कार्ल्सबर्ग काढणाऱ्या याकोबसेननं १८४५ मध्ये म्युनिकचं यीस्ट घोडागाडीतून, वाटेत गार पाण्यानं थंड ठेवत इथवर आणलं. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्याच प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं लागरच्या यीस्टची शुद्ध जात वेगळी काढली आणि कंपनीनं ती इतरांनाही देऊन टाकली. म्हणून तर या साऱ्या लागर एकमेकींच्या मावसबहिणी लागतात. चवीतला फरक शोधता शोधता आपल्या तोंडाला फेस येतो. खरा फरक ग्लासातल्या फेसात असतो.

शेवटी प्लझेन. १८३८ मध्ये इथं खराब बिअरची ३६ पिंपं टाउन हॉलसमोर ओतून दिली होती. “याला म्हणतात कारवाई!” मेव्हणे गहिवरले. त्यानंतर गावानं बव्हेरियाहून योसेफ ग्रोल आणला आणि १८४२ मध्ये त्यानं इथल्या मऊ पाण्यातून सोनेरी पिल्सनर काढली.

इथं आम्ही ‘म्लीको’ मागवलं. ग्लासभर फेस, तळाशी बिअर नावापुरती! मेव्हण्यांनी पंचनाम्याच्या चेहऱ्यानं ग्लास तोंडाला लावला. फेस दाट, ओला, किंचित गोड. पांढऱ्या मिशीखालून आवाज आला, “आणखी एक सांगा.”

प्रत्येक ग्लासामागे वेटर टेबलावरच्या चिठ्ठीवर एक रेघ ओढत होता. निघताना मेव्हण्यांनी रेघा मोजल्या. एक कमी भरली. पुन्हा मोजल्या. मग चिठ्ठी होती तशी ठेवली.

“चला भावोजी. हे आपल्या हद्दीत येत नाही.”