अजिंठ्याचा सातबारा

भाऊसाहेब तलाठी म्हणून निवृत्त झाले, पण फेरफार घ्यायची सवय काही सुटली नाही. नोकरीत असताना ते शेतं एका नावावरून दुसऱ्या नावावर चढवत. आता लेणी, किल्ले, राजे आणि वाघ वऱ्हाडाच्या नावावर चढवतात. अकोल्यात आमच्या गल्लीत पुण्या-मुंबईचा पाहुणा उतरला की घरच्यांच्या आधी बातमी यांना. सकाळी सातला दारात हजर. डोक्यावर टोपी, खांद्याला शबनम, शबनममध्ये शेगावच्या कचोऱ्या आणि जिल्ह्याचा घड्या फाटलेला नकाशा.

"पाव्हण्याईले घेऊन कुठी चालले? मॉलमंदी? सोडा ते. चाला, तुमाले दोन हजार वर्सं दाखवतो."

यंदा आमचे पुण्याचे जावई त्यांच्या तावडीत सापडले. बेत ठरला: सकाळी दक्षिणेला पातूरची लेणी, दुपारी उत्तरेला शहानूरच्या गेटातून मेळघाट. गाडी सुरू होताच जावईबापू सहज बोलून गेले, "त्यापेक्षा अजिंठाच केला असता. पण तो तुमच्याकडे येत नाही ना?"

झालं! भाऊसाहेब पुढच्या सीटवरून पूर्ण मागे वळले.

"जमीन त्याहीची, खातेदार आपला! सोळाव्या लेन्यातला शिलालेख कोनाचा? वराहदेवाचा. वराहदेव कोनाचा मंत्री? वाकाटक राजा हरिषेनाचा. हरिषेनाची गादी कुठी? वत्सगुल्माले. वत्सगुल्म मंजे वाशिम. अन् वाशिम १९९८ लोक कोन्या जिल्ह्यात होतं? अकोला! आता सांगा, अजिंठा कोनाचा?"

पाचव्या शतकातून निघून १९९८ पर्यंत आलेल्या या वारसनोंदीत एकही कडी खोटी नाही, हीच तर पंचाईत. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागावर असताना अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोचला, हे सगळेच सांगतात. वाघ कुठला, ते फक्त भाऊसाहेब सांगतात. "मेळघाटचा! थ्यानं वाट दाखवली, अन् नाव झालं साहेबाचं. दहाव्या लेन्यात नाव खरडून गेला गडी."

त्यांच्या दप्तरात अशा नोंदी पुष्कळ. १८०३च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीनं गाविलगड घेतला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. भाऊसाहेबांचा शेरा: "तालीम चिखलदऱ्याले, कुस्ती वॉटर्लूले." श्रीकृष्ण तर कौंडिण्यपूरचा जावई, म्हणजे अमरावती जिल्ह्याचाच. जावईबापूंनी मग भीतभीत अमरावतीच्या महास्तूपाचं विचारलं. तो आंध्रातला, कृष्णेच्या काठचा. भाऊसाहेब क्षणभर खिन्न झाले. "तेवढी एक नोंद लागली नाई आपल्यानं," म्हणाले.

पातूरला उतरताच त्यांनी पंचनामाच सुरू केला. दालनाची लांबी पावलांनी मोजली, खांबांना हात लावून पाहिला, पूर्व-पश्चिम ठरवली. जावईबापूंनी मोबाइलचा उजेड टाकला आणि म्हणाले, "फारच साधी आहेत हो लेणी."

"साधी असतीन नाई तं काय? भिक्खू पावसाचे महिने काढाले येत. त्याहीले कोन्या पुनेकराले दाखवाचं होतं?"

सालबर्डीचं त्यांनी वाटेत ऐकवलं. मोर्शी तालुक्यातल्या त्या डोंगरात खडकात कोरलेले विहार आहेत, गरम आणि थंड पाण्याचे झरे आहेत. पण गाव पडलं मध्य प्रदेशच्या सीमेवर, आणि चतुःसीमेचा वाद म्हटला की भाऊसाहेबांच्या अंगात येतं. मात्र पूर्णेच्या काठचं भोन निघालं तेव्हा त्यांचा सूर उतरला. संग्रामपूर तालुक्यातलं हे गाव. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथं इसवी सनापूर्वीचा स्तूप सापडला, आणि ती जागा येते जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात. "म्या लय बुडीत गावाईचे कागद केले," ते म्हणाले. "आता बुद्धाले बी प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढा लागते बाप्पा."

दुपारी शहानूरहून जिप्सी जंगलात शिरली. सोबतीला गाइड म्हणून एक कोरकू पोरगा. भाऊसाहेबांचं सुरूच: "१९७३ साली व्याघ्र प्रकल्प निंगाला. देशातले पयले जंगल निवडले नऊ, त्यात मेळघाट! हा साग पाहा. तो नरनाळा पाहा. हे सारं आपलं हाये, जावईबापू."

गाइड इतका वेळ रस्त्यावरच्या धुळीत ठसे शोधत होता. मान वर न करता म्हणाला, "आमचं गाव इथंच होतं, साहेब. मागच्या नाल्यापाशी. आता खाली अकोटकडे दिलंय."

जिप्सीत शांतता. आता 'कोरकू बी आपलेच' ही नोंद होणार, अशी मला खात्री होती. भाऊसाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि विचारलं, "जमीन भेटली?"

"भेटली."

"सातबारा?"

"भेटला. बापाचं नाव चुकलं त्यात. कर्ज मागाले गेलो की परत धाडतात."

"कागद हाये का जवळ?"

पोरानं पाकिटातून घडी घालून ठेवलेला उतारा काढला. भाऊसाहेबांनी चष्मा चढवला, आणि त्या क्षणी वाकाटक, वेलस्ली, श्रीकृष्ण सगळे जिप्सीतून खाली उतरले. "गट नंबर बरोबर. क्षेत्र बरोबर. नावातलं एक अक्षर खाल्लं यायनं. लेखनप्रमाद! कलम १५५. अर्ज सांगतो, लिहून घे." पोरानं माझ्याकडून पेन घेतलं.

एवढ्यात वरच्या अंगाला सांबर ओरडलं. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. बांबूच्या बेटातून वाघ बाहेर आला, आमच्यासमोर रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या उतारावर दिसेनासा झाला. जावईबापूंच्या तोंडून शब्द फुटेना. मी भाऊसाहेबांच्या खांद्याला हात लावला, तर त्यांनी तो झटकला. "थांबा जरा. आज्याचं नाव लिहाचं राह्यलं."

गेटाशी परत आल्यावर जावईबापूंनाच राहवेना. "भाऊसाहेब, वाघ समोरून गेला! तुम्ही पाहिलासुद्धा नाही!"

"त्याचं काय पाहाचं? त्याचं नाव कवाच लागलं. याचं राह्यलं ना," म्हणत ते गाइडकडे वळले. "सोमवारी साडेदहाले अकोटच्या तहसीलपाशी ये. म्या बी येतो. बापाचा दाखला आन, आधार कार्ड आन. बाकी कोनासाठी काई आनू नको."