पहिल्या टेकचा माणूस

काही माणसांना इस्त्रीच्या कपड्यांचाच संशय येतो. एखादी गोष्ट फार नीटनेटकी दिसली की हिच्यात काहीतरी लपवलंय, असं त्यांना ठामपणे वाटतं. अशा मंडळींचा शिरोमणी म्हणजे मार्क ई. स्मिथ.

जन्म १९५७, सॅल्फर्ड. वडील प्लंबर. सोळाव्या वर्षी शाळेला रामराम ठोकून हा गडी आधी मांसाच्या कारखान्यात आणि मग गोदीत कारकुनीला लागला. १९७६ मध्ये मँचेस्टरात सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम पाहिला आणि यापेक्षा बरं तर आपणही करू, असं त्याच्या मनानं घेतलं. दोस्तांना गोळा केलं आणि फ्रेंच लेखक कामूच्या कादंबरीवरून बँडचं नाव ठेवलं ‘द फॉल’. त्याला रूढ अर्थानं गाता येत नव्हतं, वाद्यही वाजवता येत नव्हतं. साहजिकच तो मालक झाला.

पंकची आरडाओरड लवकरच शिळी झाली. तोच राग ठेवून काही वेगळं करू पाहणाऱ्यांना पोस्ट-पंकवाले म्हणू लागले. स्मिथला हे लेबल लावलेलं आवडलं नसतं. पण त्याला काय आवडलं असतं, हेही कुणाला सांगता आलं नसतं.

पहिल्या अल्बमसाठी डिसेंबर १९७८ मध्ये लंडनचा एक स्टुडिओ पाच दिवस घेतला होता. बँडचे मालक, म्हणजे स्मिथच, आजारी पडले आणि सुरुवातीचे दिवस वाया गेले. दुसरा कुणी हातापाया पडून तारखा वाढवून घेतल्या असत्या. यांनी सगळं रेकॉर्डिंग एका दिवसात उरकलं आणि मिक्सिंग दुसऱ्या दिवशी. ‘लाइव्ह ॲट द विच ट्रायल्स’ हा तो अल्बम. १९७९ मध्ये ‘ड्रॅगनेट’ आला, तोवर आधीच्या पाचांतले दोघेच उरले होते: एक स्मिथ आणि दुसरा मार्क रायली. या दुसऱ्या अल्बमचा आवाज इतका कच्चा होता, की हे बाहेर आलं तर आपल्याकडे गिऱ्हाईक फिरकणार नाही, अशी धास्ती खुद्द स्टुडिओवाल्यांनाच पडली होती म्हणतात.

बँड तो मुकादमासारखा चालवायचा. ड्रमवाल्यानं नको तिथे हात मारला तर पाच पौंड दंड. एका ध्वनिव्यवस्थापकाला सॅलड मागवल्याबद्दल नारळ दिल्याचीही कथा आहे. चाळीस वर्षांत साठाहून जास्त वादक आले आणि गेले. या माजी मंडळींना हुडकत डेव्ह सिम्पसन या पत्रकारानं अख्खं पुस्तक लिहिलं.

त्याचा खरा कारभार मंचावर बघावा. कार्यक्रम रंगात आलेला. अंगात जॅकेट, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत गाण्यांचे चुरगळलेले कागद. ओळ अर्ध्यावर सोडून स्मिथ रमतगमत गिटारवाल्याच्या अँपपाशी जातो आणि बटण फिरवतो. गिटार गप्प. बिचारा वादक काही वेळ मुकाट वाजवत राहतो, मग मालकाची पाठ वळलेली बघून बटण हळूच पूर्ववत करतो. तोवर मालक कीबोर्डवर पोचलेले असतात आणि वाजवणारी समोर उभी असताना तिच्या पट्ट्यांवर बोटं आपटत असतात. थोड्या वेळानं बघावं तर गाणं ऐकू येतंय, पण गाणारा दिसत नाही. तो आत जाऊन तिथूनच गातोय.

वादक हे सगळं कसं सहन करायचे? सगळे करत नव्हते. १९९८ मध्ये न्यूयॉर्कला भर मंचावर हाणामारी झाली आणि बँड फुटला. एकोणीस वर्षं बेस वाजवून या सगळ्या गोंधळाला टेकू दिलेला स्टीव्ह हॅन्लीही गेला. २००६ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात वादकांनी मध्येच काम सोडलं. स्मिथनं तिथल्याच पोरांना उभं केलं, दौरा पुढे नेला आणि पुढच्या वर्षी आलेल्या अल्बममध्ये त्यांनाच वाजवायला लावलं. ‘तुमची आजी बोंगो वाजवत असली आणि सोबत मी असलो, तरी तो फॉलच,’ अशा अर्थाचं तो सांगायचाच.

गंमत म्हणजे या खडूसपणाला हिशेब होता. वादक सरावला की गुळगुळीत वाजवू लागतो, आणि गुळगुळीत वाजलं की कान पेंगतात. म्हणून तो कुणाला सरावू द्यायचा नाही. हे पटणारेही होते: बीबीसीचे निवेदक जॉन पील या बँडवर इतके खूश, की १९७८ ते २००४ या काळात त्यांनी फॉलची चोवीस सत्रं रेडिओवर केली. २०१७ मध्ये आजारानं खंगलेला स्मिथ चाकाच्या खुर्चीत बसून मंचावर आला, त्याच वर्षी नवा अल्बमही काढला आणि जानेवारी २०१८ मध्ये गेला. मागे तीसहून अधिक अल्बम आहेत.

कच्चेपणाची किंमत मात्र त्यानं बहुतेक वेळा दुसऱ्यांकडून वसूल केली, हेही नोंदवायला हवं. तरीही ऐकायचं असेल, तर सुरुवात १९८२ च्या ‘हेक्स एंडक्शन अवर’पासून करा. त्यातला काही भाग आइसलंडमध्ये आणि काही इंग्लंडातल्या एका बंद पडलेल्या सिनेमागृहात रेकॉर्ड झालाय. आणि असा माणूस ऑफिसात साहेब म्हणून आला, तर मुकाट्यानं बदलीचा अर्ज टाका. त्याला ऐकावं ते घरी, दार लावून, मोठ्या आवाजात.