पाळणा कुठल्या कंपनीचा?

अहो वहिनी, या जरा कठड्याशी. तुम्ही माहेरी होतात म्हणून सुटलात. तळमजल्यावरच्या काकूंचा भाचा ऑफिसच्या पिकनिकला खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन आला, तेव्हापासून चाळीत दुसरा विषय नाही. मी आपलं सहज विचारलं, "मजा आली का रे?" तर म्हणतो, "काकी, नायट्रो बी अँड एमचा आहे आणि डीप स्पेस प्रीमियरचा." घ्या! आपण एस्सेलवर्ल्डला जायचो तेव्हा बोटीत कोणाला मळमळलं आणि डब्यातल्या पुऱ्या कोणी संपवल्या, एवढंच लक्षात राहायचं. पाळण्याची कंपनी विचारणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. आणि ते एस्सेलवर्ल्डही गेलं हो. १९८९ साली सुरू झालेलं, २०२२ मध्ये बंद पडलं.

पण ऐकत बसले आणि खरं सांगते, गॅसवर भाजी आहे हे विसरले. तो नायट्रो म्हणे १३२ फूट उंच जातो, पाच वेळा माणसाला उलटं करतो आणि पायाखाली जमीनच नाही, पाय लोंबकळत. एका रांगेत चौघं. बनवणारी बी अँड एम म्हणजे दोन स्विस इंजिनिअरांची कंपनी, बोलिगर आणि माबियार. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी करायचे, १९८८ मध्ये स्वतःचं दुकान थाटलं. आणि तो डीप स्पेस अमेरिकेचा, सगळा अंधारात. त्याला साखळीने वर ओढत नेत नाहीत, विजेच्या चुंबकाच्या जोरावर गाडी एकदम पुढे फेकतात. म्हणजे बसल्या बसल्या देव आठवायचा.

मी म्हटलं, सगळं एकाच दुकानातून घेतलं असतं तर भाव तरी पाडून मिळाला असता! सिनेमाच्या फिल्म धुणाऱ्या ॲडलॅब्जच्या मनमोहन शेट्टींनी २०१३ साली हे पार्क काढलं. हातात पैसा खुळखुळत असेल, असं मला वाटलं. (आता ते संगमनेरच्या मालपाणींकडे आहे बरं का.)

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतले अण्णा स्टुलावरून बोलले. अण्णा म्हणजे मिलमधले जुने फिटर, ऐंशीच्या दशकातल्या संपापर्यंत. म्हणाले, "एका कंपनीला सगळं येत असतं का? आमच्या त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, एक रांग प्लॅट ब्रदर्सची, ओल्डहॅमची. दुसरी हॉवर्ड अँड बुलोची, ॲक्रिंग्टनची. विणायचे साचे तिसऱ्याचेच. मागून काही मिलांत स्विस सुल्झरचे साचे आले, धोट्याशिवाय विणणारे. ज्याचा हात ज्यात बसलेला, त्याच्याकडून ते घ्यायचं." मग हळूच म्हणाले, "त्रास आम्हाला व्हायचा. विलायती मशीनला इंची पाना, स्विस मशीनला मिलिमीटरचा. चुकीचा पाना लावला की नटाचे कोपरे गेलेच."

आता विचार करा, त्या खोपोलीच्या फिटरांचं काय होत असेल! एका पाळण्याचा सुटा भाग स्वित्झर्लंडहून, दुसऱ्याचा अमेरिकेहून, प्रत्येकाचं पुस्तक वेगळं, आणि सकाळी फाटक उघडायच्या आधी रिकाम्या गाड्या फिरवून बघायच्या. आपण तिकिटाच्या नावाने बोटं मोडतो, पण वहिनी, त्यातले बरेच पैसे या वंगणात आणि पान्यातच जात असणार.

भाच्याने मग जर्मनीची गोष्ट काढली. माक म्हणून एक घराणं आहे, १७८० पासून घोडागाड्या बनवणारं. पुढे सर्कस-जत्रावाल्यांसाठी गाड्या बनवल्या, मग पाळणे. १९७५ मध्ये गिऱ्हाइकांना आपला माल दाखवता यावा म्हणून त्यांनी स्वतःचंच पार्क काढलं, युरोपा पार्क. आणि त्याच पार्कात २००२ साली ७३ मीटर उंचीचा पाळणा बसवला, तो घेतला कोणाकडून? त्याच स्विस जोडीकडून! घरचा कारखाना असून! मला तर हा मोठेपणाच वाटला. आपल्याकडे कोणी शेजारणीच्या चकल्या मागवून आपल्या ताटात वाढेल का?

अण्णा मात्र भाच्याने सांगितलेल्या हॉलंडच्या गोष्टीवर अडकले. व्हेकोमा नावाची कंपनी, १९२६ ची. आधी शेतीची अवजारं, मग कोळशाच्या खाणींसाठी लोखंडी बांधकाम. तिथल्या खाणी बंद पडायला लागल्या तेव्हा ते पाइपांकडे वळले, आणि लोखंडी नळ्या वाकवायला येतात म्हटल्यावर रोलर कोस्टरचे रूळ. त्यांचा बूमरँग नावाचा एकच पाळणा जगभर पन्नासहून जास्त ठिकाणी गेला. अण्णा म्हणाले, "आमच्या इथे लेथ होते, फाउंड्री होती, हात होते. त्या जागी बोलिंग आणलं." फिनिक्स मिलबद्दल बोलत होते, कळलं ना? मी काही बोलले नाही, कारण माझा मुलगा तिथल्याच मॉलमध्ये कामाला आहे.

पण अण्णांचं पूर्ण खरंही नाही हं. प्रभादेवीच्या जत्रेत नाहीतर माहीमच्या मेळ्यात जो आकाशपाळणा उभा राहतो, तो काय ओल्डहॅमहून आलेला असतो? कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये वेल्डिंग केलेला, कंपनीची पाटी नाही, रंग दरवर्षी नवा. ते लहान पाळणे तर माणसं हाताने फिरवायची, दांड्याला लटकून स्वतःच्या वजनाने खाली आणायची. आणि कोलकात्याच्या निक्को पार्कवाल्यांनी, केरळच्या वंडरलावाल्यांनी आपापल्या कारखान्यांत पाळणे बनवलेच की. म्हणजे हात होते, फक्त परळमध्ये कोणी कामाला लावले नाहीत.

तर आता ठरलंय असं, की पावसाळा संपला की चाळीतून गाडी करून जायचं. भाचा, काकू आणि मी, तिघं नायट्रोत. काकू सत्तरीच्या आहेत, त्यांना बसू देतील असं मला वाटत नाही, पण सांगणार कोण? अण्णा येणार, पण बसणार नाहीत. त्यांना म्हणे खाली उभं राहून चाकांचा आवाज ऐकायचाय, बेअरिंग कसं आहे ते आवाजावरून कळतं. रांग चौघांची असते, म्हणून विचारते, तुमचं नाव घालू?