फ्लशच्या टाकीत आगळ

"काय गो वैनी, काल राती दोनदा पंप लावलंस? पावणे वाढले काय?"

"पावणे खंयचे! तो मेलो फ्लश. भाड्याच्या खोलीतलो, दोन बटणांचो. पाणी थांबाचा नावच घेणा नाय. पुण्याचो एक पोरगो सकाळी माका विचारता, काकू, इथे जवळ धबधबा आहे का?"

वैनी गडग्याच्या पलीकडे सुपात सोलं पसरत होती. प्लंबर काय म्हणाला, विचारलं.

"टाकीत वाकान बघल्यान पण नाय. अख्खो सेट बदलूक व्हयो, बोललो, नि मोबायल कानाक लावन गेलो."

मला याच गोष्टीचा राग येतो. पाणी कुठून जातंय ते न बघता सेट बदला म्हणायचं, म्हणजे ताप न मोजता सलाइन लावायची! टाकीतून पाणी पळायला वाटा दोनच. एक तर वर, मधल्या उभ्या नळीच्या तोंडावरून. तसं असेल तर फ्लोट फार वर बसलाय किंवा पाणी आत घेणारा वॉल्व्ह बंदच होत नाही. नाहीतर खाली, वायसरखालून.

"वैनी, वाटीभर आगळ हाड."

"गे बाय! संडासात सोलकढी करतंस?"

अँगल कॉक बंद केला. बटणाभोवतीची कडी फिरवून सोडवली. ती न सोडवता झाकण ओढलं की आतल्या दांड्या तुटतात. पाणी उभ्या नळीच्या तोंडाच्या खाली होतं, म्हणजे वरची वाट बाद. मग ते आगळ, म्हणजे कोकमाचा लाल रस, टाकीत ओतलं आणि बटणाला हात न लावता दोघी परत गडग्यावर.

तेवढ्यात हिशेब केला. मिनिटाला एक पेला, म्हणजे दोनशे मिली धरलं, तरी दिवसाला 288 लिटर. लहान बटणाला तीन लिटर लागतात, तेव्हा शहाण्णव वेळा कोणी नसताना फ्लश झाला म्हणायचा. आणि गंमत बघा, हे दोन बटणांचं डोकं पाणी वाचवण्यासाठीच लढवलेलं. 1980 साली ऑस्ट्रेलियात, कोरड्या मुलखात, कॅरोमा कंपनीतल्या ब्रूस थॉम्पसननं ते बनवलं.

वैनीला लिटरपेक्षा बावीची चिंता. खाडीकाठची बाव, वैशाखात जास्त उपसली की पाणी मचूळ होतं. "सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघ, भर दर्यात आसान गोड. आमची हंय जमनीर आसान खारट!" मी म्हटलं, त्या बावींवर रात्री दोनदा पंप कोण लावतो?

अर्ध्या तासानं भांड्यात लाल ओघळ उतरलेला. खालचीच वाट. टाकी रिकामी करून मधला वॉल्व्ह उलट्या दिशेनं थोडा फिरवला, सुटला. वायसरवर तांबडा गाळ, बसायच्या कडेवर बारीक खडे. पंपानं तळ ढवळला की हेच वर येणार. फडक्यानं पुसलं, वायसर उलटा करून बसवला. तात्पुरता उपाय, पण चालतो. नवा आणायचा तर जुना पिशवीत घालूनच बाजारात जायचं. प्रत्येक कंपनीचं माप निराळं. बटणाखालच्या दांड्या लांब झाल्या तरी वॉल्व्ह अधांतरी राहतो. त्या आट्यावर दोन फेरे आत घेतल्या, झालं.

कॉक उघडला. टाकी भरली नि गप्प झाली.

2016 साली केंद्राच्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाटीच्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग पहिला आला. संडास झाले, छान झाले. पण टाकीचं झाकण उघडून आत काय असतं, ते कधी कोणी दाखवलं?

"दाखवतलो कोण?" वैनी म्हणाली. "मगे सेट कोणाक इकतले?"

संध्याकाळी ती परत गडग्यावर, पदर तोंडाला लावून हसत. "गो, दुपारी सोलकढी केलंय. आमचे हे वाटीत बघीत बसले. विचारतत, ह्या आगळ त्याच बाटलेतला काय? मी सांगलंय, होय. बाटली तीच, वाटी वायली."

"मगे?"

"मगे काय! ताक मागल्यानी."