त्रिज्या नेहमी सातच का?

दहावीच्या महत्त्वमापनातली टाकी आठवा. तिची त्रिज्या ७ असते, नाहीतर १४, नाहीतर २१. कारण उघड आहे. पाय म्हणजे २२/७ घ्यायचा, साताला सात काटायचे आणि उत्तर पूर्णांकात आणायचं. सोडवणाऱ्याची सोय, तपासणाऱ्याचीही सोय. मुलांच्या हे इतकं अंगवळणी पडतं, की उत्तर दशांशात आलं की ती आधी खोडरबर उचलतात.

शाळेच्या गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी सातच्या पाढ्यात बसत नाही. तिच्या मध्यबिंदूपर्यंत पट्टीही पोचत नाही. मग टाकीला सुतळी गुंडाळायची, परीघ मोजायचा, त्याला ६.२८ ने भागून त्रिज्या काढायची. उंची झाकणापर्यंत धरायची की जादा पाणी बाहेर पडतं त्या पाइपपर्यंत? वरचा निमुळता भाग धरायचा की सोडायचा? आलेलं उत्तर टाकीवर छापलेल्या लिटरशी ताडून पाहायचं आणि फरक पडला तर तो कशामुळे, हे शोधायचं. एवढं करणारी मुलगी गणित करते. तिच्या हातात त्रिज्या आणि उंची आयती ठेवली, की आपण तिच्याकडून फक्त गुणाकार करून घेतो.

शाळेतल्या शाब्दिक उदाहरणांचं सगळीकडे हेच आहे. नाव व्यवहाराचं, पण त्यातला व्यवहार आधीच काढून घेतलेला. लागतील तेवढेच आकडे दिलेले, एक जास्त नाही, एक कमी नाही. वर प्रकरणाचं नाव छापलेलं, म्हणजे सूत्र कोणतं लावायचं तेही सांगून झालं. ‘कृती पूर्ण करा’ या प्रश्नात तर पायऱ्याही छापून येतात, मुलांनी मधल्या चौकटी भरायच्या. काय मोजायचं, काय सोडायचं आणि आलेलं उत्तर शक्यतेतलं आहे का, हे तीन निर्णय मुलांच्या वाट्याला येतच नाहीत. शाळेबाहेर पाऊल टाकलं की नेमके तेच घ्यावे लागतात.

त्याचा परिणाम मोजून झाला आहे. ‘असर’चा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींवर होता, २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत केलेला. पट्टीच्या शून्यावर ठेवलेल्या वस्तूची लांबी सुमारे ८५ टक्के मुलांनी बरोबर सांगितली. तीच वस्तू पट्टीवर थोडी पुढे सरकवली, तर बरोबर सांगणारे ३९ टक्के उरले. पट्टी तीच, वजाबाकी एकच. कर्जाची परतफेड किती होईल, हे तर वजाबाकी येणाऱ्यांपैकीही जेमतेम दहा टक्क्यांना काढता आलं. नववी-दहावीच्या वयाच्या मुलांची ही अवस्था वाचून ज्यांना घाम फुटला नाही, त्यांनी अभ्यासक्रम ठरवायला बसू नये.

आता कर्जाचंच घ्या. शोरूममध्ये मोटारसायकलीच्या कर्जाला ‘नऊ टक्के फ्लॅट’ सांगतात. कर्ज ७२,००० रुपये, हप्ते ३६. तीन वर्षांचं व्याज १९,४४० रुपये, महिन्याचा हप्ता २,५४० रुपये. साधं सरळव्याज आहे, हिशेब बरोबर जुळतो, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटत असतं! शेवटच्या महिन्यात गिऱ्हाइकाकडे कंपनीचे जेमतेम दोन-अडीच हजार उरलेले असतात आणि व्याज मात्र पूर्ण ७२,००० वर चालू असतं.

दहावीच्या पोरांना हे पकडता येतं. त्यासाठी लागणारं गणित त्यांच्या पुस्तकात आहे, अंकगणिती श्रेढीच्या प्रकरणात. महिन्याला २,००० मुद्दल फेडलं, तर शिल्लक ७२,०००, ७०,०००, ६८,००० अशी उतरत शेवटी २,००० वर येते. ३६ पदांची बेरीज १३,३२,०००. त्यावर महिन्याला पाऊण टक्का व्याज, म्हणजे ९,९९० रुपये. बँका हप्ता समान ठेवतात, त्यामुळे शिल्लक थोडी हळू उतरते आणि व्याज १०,४२५ च्या आसपास जातं. एकीकडे १९,४४०, दुसरीकडे १०,४२५, आणि दोन्हींवर पाटी नऊ टक्क्यांचीच. शिल्लक रकमेवर मोजला, तर शोरूमचा दर सव्वासोळा टक्क्यांच्या घरात निघतो.

श्रेढीच्या त्याच प्रकरणात हप्त्यांचं उदाहरण आहे. त्यात एकूण व्याज दिलेलं असतं आणि प्रत्येक हप्ता कितीने कमी होतो तेही दिलेलं असतं. बीजगणितात पुढे ‘अर्थनियोजन’ नावाचं आख्खं प्रकरण आहे, जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड सगळं आहे. बोर्डाने ते घातलं, हे चांगलंच केलं. पण वर्गात जीएसटीची टक्केवारी काढून होते आणि किराणा दुकानाचं खरं बिल कोणी उलगडून बघत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ सक्तीचं केलं आहे. कर्जाचा सगळा खर्च धरून होणारा वार्षिक दर त्यात लिहावा लागतो. सर, मॅडम, तो एक कागद नाव-पत्ता झाकून वर्गात आणा आणि त्यातला दर पोरांना पडताळून पाहू द्या. एक तास पुरतो.

व्यवहाराचं गणित पोरं आपोआप शिकतात, असं एक पालुपद नेहमी ऐकू येतं. ते खोटं आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीतल्या मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. बाजारात काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी चोख करत होती, पण तसंच गणित शाळेच्या पद्धतीने मांडून दिलं की अडत होती. शाळेतली मुलं कागदावरची गणितं सोडवत होती आणि बाजारातल्या हिशेबाला अडत होती. इकडून तिकडे जायला वाट लागते आणि ती कोणीतरी करून द्यावी लागते. ते काम शाळेचं आहे.

आणि दर वेळी पैशाचंच उदाहरण हवं असं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर. सगळा देश ती गाडी बघत होता. पाच लाख लिटर भागिले लातूर शहराची २०११ ची लोकसंख्या, सुमारे ३ लाख ८३ हजार. माणशी १.३ लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, तरी माणशी साडेसहा लिटर. जलजीवन मिशनने खेड्यासाठी धरलेले माणशी ५५ लिटर लावले, तर अशा आठ-नऊ गाड्या रोज लागतील. हा भागाकार सहावीतल्या मुलाला येतो. तो करून बघावा, हे सुचणं मात्र शिकवावं लागतं.

त्याच पाण्याचा पुढचा प्रश्न शाळेच्या छपराचा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. छप्पर ३०० चौरस मीटर, पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर २,१०,००० लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी १,६८,००० उरतात. ३०० मुलांना दिवसाला माणशी तीन लिटर दिले, तर १८६ दिवस पुरेल. छान. पण साठवायचं कुठे? ८ बाय ७ बाय ३ मीटरचा हौद लागेल, म्हणजे चांगली मोठी वर्गखोली. तेवढी जागा आणि पैसा आहे का? नसेल तर निम्म्या हौदात किती दिवस निघतील? इथे मुलं भांडायला लागतात आणि वर्गात गणिताला जीव येतो.

वेळ नाही, असं शिक्षक म्हणतात आणि ते खरं बोलतात. साठ-साठ पोरांचा वर्ग, बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४०, वर शाळाबाह्य कामांचा डोंगर. पेपरात येत नाही ते शिकवायला त्यांना सवड मिळणार नाही. म्हणून दोष त्यांना देऊ नये, पेपर काढणाऱ्यांना द्यावा. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आहेतच. त्यातले पाच गुण अशा एका मोजणीला द्या. आणि लेखी परीक्षेत असा एक प्रश्न ठेवा, ज्यात एक आकडा नको असलेला असेल आणि एक आकडा मुलांनी स्वतः गृहीत धरायचा असेल. गृहीत काय धरलं आणि का, ते लिहिण्याला गुण. नमुना उत्तरपत्रिकेत एकच उत्तर छापू नका, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं छापा. नाहीतर नीट विचार करणारी मुलगी शून्यावर जाईल आणि चौकटी भरणारा पुढे निघून जाईल.

तीन गुणांचा एकच प्रश्न, पण तो मार्चच्या पेपरात प्रत्यक्ष आला पाहिजे. जूनपासून क्लासवालेसुद्धा त्याचा सराव घ्यायला लागतील.